शैलाताईंनी उघडलेली पेटी

फोन आला तेव्हा शनिवार होता. शाळा सकाळची, त्यामुळे मी नुकतीच घरी येऊन भात टाकला होता. माझे यजमान मोहन (एरवी मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना दुसरा इलाज नाही) रात्रपाळी करून आले होते आणि आतल्या खोलीत झोपले होते. पलीकडून एक मुलगी हिंदीत बोलत होती. शैला मॅडमच्या भावाचं घर का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं, आणि ती अडखळत सांगू लागली. सकाळी मॅडम कामावर आल्या नाहीत... शेजाऱ्यांनी दार उघडलं... डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. मी गॅस बंद केला आणि मोहनना उठवायला गेले. ते उठून बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवाळीला जायचा ठरला होता ना आपला?" कुणीतरी तारीख चुकवली असावी, तसं.

शैलाताई माझ्या नणंद. मोहनपेक्षा मोठ्या. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. अहमदाबादला उपग्रहांचं काम चालतं तिथे त्या इंजिनीअर होत्या. दळणवळणाच्या उपग्रहांवर बसणारे अँटेना आणि फिल्टर तयार करणं हे त्यांचं काम. आपल्या गावातली एक मुलगी असं काही करते हे पेणला आणि रोह्याला पुष्कळांना ठाऊक होतं, पण ती नेमकं काय करते हे मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं? मी खांब गावची, भातशेतीवाल्या घरातली, शाळेत मराठी शिकवणारी. जे थोडंफार कळलं ते त्यांनी आप्पांना सांगितलं तेव्हा मीही ऐकत बसले होते म्हणून.

आप्पा म्हणजे माझे सासरे. धरमतरच्या खाडीकाठी, पेणच्या बाजूला, त्यांचा जन्म मिठागरात गेला. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, पाणी अडवायची उघाडी कधी टाकायची, बांध घातलेल्या एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत किती सोडायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. सासूबाई गेल्यावर आणि मिठाचं आगर बंद पडल्यावर ते आमच्याकडे रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायला आले. माझं लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शैलाताई सुट्टीवर आल्या होत्या. मी पहिल्यांदा त्यांना 'वन्सं' म्हटलं तर त्या हसल्या. "ताई म्हण गो. वन्सं म्हटलं की मला उगाच कुणाला तरी छळावंसं वाटतं." ओटीवर आप्पा पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं झाली, काय करतंस गो बाय तू तिकरं? लोकं इचारतात, मना काय सांगाया येत नाय."

शैलाताई जवळच्या तांब्यात बोट बुडवून फरशीवर रेघा काढू लागल्या. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, मग तिसरा, आणि मधल्या प्रत्येक भिंतीत एक बारीक फट. "आप्पा, ही माझी पेटी. आभाळातून उपग्रहाकडे नाना तऱ्हेच्या लहरी येतात, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. मला त्यातली एकच हवी असते, बाकीच्या बाहेर ठेवायच्या. म्हणून मी तिला या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून पुढच्या खोलीत नेते. खोलीचं माप आणि फटीचं माप बरोबर असलं की हवी तेवढीच शेवटी पोचते." आप्पांनी रेघांकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे कोंड्याच की. खाडीचा पानी घ्यायचा न् शेवटाला मीठ तेवढा उरवायचा. माझाच धंदा करतंस तू." शैलाताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला हाक मारून तेच पुन्हा ऐकवलं. पुढे कुणी विचारलं की आप्पा ऐटीत सांगत, "पोर आमची आभालात आगर चालवते."

फिल्टरच्या आधी शैलाताई अँटेनावर काम करत. तेव्हाचीही एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. उपग्रहावरून जो किरण खाली येतो तो विजेरीसारखा गोल पडून चालत नाही, देशाच्या आकाराचा पाडावा लागतो. काश्मीर सुटता कामा नये, अंदमानही सुटता कामा नये, आणि समुद्रावर उगाच सांडताही कामा नये. त्यासाठी त्या महिनोन्महिने आकडेमोड करत बसत. आप्पांची शंका एकच. "रोह्यावर परतो का गो तो उजेड?" "पडतो आप्पा. आणि धरमतरवर पण पडतो." मग आप्पा समाधानाने मान हलवत.

नव्वदचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. शैलाताई एका नव्या उपग्रहाच्या फिल्टरवर होत्या. सुट्टीला आल्या तरी मनाने तिथेच असत. ॲल्युमिनिअमची पेटी, आतून चांदीचा मुलामा, वर स्क्रूंची रांग. संगणकाने सांगितलेलं माप आणि प्रत्यक्ष पेटी यांत केसाएवढा फरक राहतोच, तो हाताने काढायचा. समोरच्या पडद्यावर एक वळणदार रेघ दिसते. तिच्यावर नजर ठेवून एकेक स्क्रू जरा आत, जरा बाहेर करायचा. एक हलवला की बाकीच्यांचं बिघडतं, पुन्हा पहिल्यापासून. "भात निवडल्यासारखं आहे गो," त्या म्हणत, "घाई केली की खडा राहतोच." शेवटचा स्क्रू फिरवताना त्या श्वास रोखून धरत. मला हे माहीत आहे, कारण आमच्याकडे सुईत दोरा ओवतानाही त्या तशाच श्वास रोखायच्या, आणि आम्ही हसायचो.

आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हेच काम शेवटाला आलं होतं. आम्ही त्यांना पेणला दवाखान्यात नेलं, तिथले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. मोहननी अहमदाबादला फोन केला. शैलाताई हातातलं टाकून निघाल्या. आल्या त्या थेट दवाखान्यातच. मोहनच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी होती, रजा मिळत नव्हती, आणि माझा थोरला लहान होता, दुसऱ्याचे दिवस भरत आले होते. आप्पांचं सगळं शैलाताईंनी केलं. तोंड धुवायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. जीव बचावला तेव्हा आम्ही त्यांना अष्टमीला घरी आणलं. उजवी बाजू गेली होती. तोंडातून शब्द नीट येत नव्हते, पण समज शाबूत होती. शैलाताई समोर आल्या की डोळे हसायचे.

एका सकाळी त्या पेज भरवत होत्या आणि मध्येच थांबल्या. चमचा हातात तसाच. मी विचारलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "काही नाही." पण त्या दिवसापासून त्या स्वस्थ नव्हत्या. मग एकदा ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी सांगितलं. त्यांची पेटी सगळ्या चाचण्यांतून पार झाली होती. आधी तिला गदागदा हलवून पाहतात, कारण रॉकेट उडताना सगळंच थरथरतं. त्या हलवण्यानंतर रेघ किंचित सरकली, म्हणून एक स्क्रू जरासा फिरवून त्याचं नट पुन्हा आवळावं लागलं. ते काम शैलाताईंनीच केलं होतं. नंतरच्या चाचण्या उत्तम झाल्या. पण आवळताना हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं, जरा खरखर. तेवढ्यात घरचा फोन आला आणि ते मनातून गेलं. आता पेज भरवताना चमचा वाटीच्या कडेला घासला आणि ते हाताला आठवलं. "आत चांदीचा पापुद्रा सुटला असेल तर, सुमन? इथे जमिनीवर कळणार नाही. वर जाताना हादऱ्याने तो हलेल, फटीत जाऊन बसेल. मग ठिणग्या पडतील आणि तो रस्ता कायमचा बंद. तिथे जाऊन कुणी दुरुस्त करू शकत नाही."

त्या बाजारातल्या एसटीडी बूथवर जाऊन फोन करून आल्या. पुन्हा गेल्या. पुन्हा आल्या. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. सगळे आकडे बरोबर आहेत, पेटी आता उपग्रहावर चढायची आहे, एकदा चढली की उघडता येणार नाही. शंका तुमची आहे, आकड्यांत ती दिसत नाही. तुम्ही स्वतः येऊन उघडणार असाल तर थोडं थांबतो, तुमच्याशिवाय दुसऱ्याला मी त्या पेटीला हात लावू देणार नाही. आता मागे वळून पाहताना मला त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

मोहनना हे सांगितलं तेव्हा ते कामावरून येऊन बूट काढत होते. "सगला बरोबर हाय म्हनतात ना ते? मग?" शैलाताई म्हणाल्या, "तरी बघायला हवं." "आनि आप्पांचा काय?" डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, आज-उद्यात काही होईल असं दिसत नाही, पण या दुखण्यात मी लिहून देऊ शकत नाही. शेवटी शैलाताई आप्पांच्याच उशाशी जाऊन बसल्या. आम्ही दोघं दारात उभे होतो. त्यांनी आप्पांचा चांगला हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं, ओटीवर रेघा काढून सांगितलं होतं तसंच. "आप्पा, कोंडीत कचरा राहिला असेल असं वाटतंय. जाऊन बघून येऊ?" आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज आला.

त्या आवाजावर आमच्या घराची पुढची कितीतरी वर्षं गेली. शैलाताईंनी ऐकलं ते 'जा'. मोहननी ऐकलं ते 'ना'. मला विचाराल तर मी फक्त 'आ' ऐकला... लांबलेला, थकलेला. त्याच्या आधी कोणतं अक्षर होतं हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

शैलाताई गेल्या. जाताना आप्पांच्या पायांना हात लावला, माझ्या थोरल्याच्या गालाला लावला, आणि मोहनकडे पाहिलं. मोहन खिडकीतून बाहेर बघत होते. शैलाताई तिथे पोचून कामाला लागल्या असतील नसतील, तोच आप्पांना दुसरा झटका आला. पेणला न्यायला रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शेजारच्यांकडून अहमदाबादला फोन लावला. मॅडम आत आहेत, म्हणाले. जिथे पेट्या उघडतात त्या खोलीत पांढरे कपडे, टोपी, मोजे घालून जावं लागतं. आत फोन जात नाही. बाहेर आल्या की सांगतो. गावचे, भावकीचे लोक जमले होते. मोहनना विचारलं, बहिणीसाठी थांबायचं का? मोहन म्हणाले, "ती कामात हाय." सूर्य बुडायच्या आत कुंडलिकेच्या काठी सगळं उरकलं.

आता शैलाताईंच्या वेळी आम्ही अहमदाबादला पोचलो तर तिथल्या लोकांनी आमच्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं. बर्फ आणला होता, दोन बाया आळीपाळीने उशाशी बसल्या होत्या. एकही माणूस कुरकुरत नव्हता. मोहन दारातच थबकले. "यांनी थांबवून ठेवला," एवढंच ते माझ्या कानाशी बोलले.

आप्पांच्या दिवसांना शैलाताई इथेच होत्या. आल्या तेव्हा रडल्या नाहीत. आप्पांच्या रिकाम्या खाटेच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या, आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला भाजी चिरू लागल्या. तिथेच मी त्यांना हळूच विचारलं, "ताई, पेटीत काय होतं?" त्या म्हणाल्या, "काही नव्हतं. आरशासारखी स्वच्छ होती. स्क्रूच्या डोक्यावरच जरा ओरखडा होता, बाहेरच्या बाजूला. त्याचीच खरखर." बाहेर बसलेल्या चुलत्या, आत्या, भावकी, सगळ्यांची एकच कुजबुज होती की पोरगी बापाला टाकून गेली. मी म्हटलं, "ताई, सापडलं म्हणून सांगा ना. कुणाला कळणार आहे? तुम्ही गेला नसता तर उपग्रह बुडला असता, असं सांगा. सगळी गप होतील. हे पण गप होतील." त्यांनी सुरी खाली ठेवली. "सुमन, आयुष्यभर मी एकच काम केलंय. जे दिसलं ते लिहायचं. हवं ते नाही. आप्पांच्या नावावर मी पहिलं खोटं माप सांगू?"

मोहननी तो प्रश्न सगळ्यांसमोर विचारला. जेवणं झाली होती, माणसं ओटीवर पानसुपारी करत होती. "काय, सापडला काय तुला त्या डब्यात?" शैलाताई उंबऱ्यात उभ्या होत्या. "नाय रे," त्या म्हणाल्या. "काय नव्हता." एरवी त्या आमच्याशी शहरी मराठीत बोलत, पण त्या वेळी घरचेच शब्द तोंडात आले. मोहन उठून बाहेर निघून गेले.

त्यानंतर बहीणभावांत बोलणं राहिलं नाही. भांडण म्हणावं तर तेही नाही. राखी टपालाने येई, मोहन ती बांधत, आणि मी उलट पत्र लिही. माझा दुसरा मुलगा झाला तेव्हा त्यांनी बाळंतविडा पाठवला. उपग्रह वर गेल्याची बातमी पेपरात आली, परदेशातल्या तळावरून रॉकेट उडतानाचं चित्र होतं. मोहननी ती बातमी चहा निवेपर्यंत वाचली आणि पेपर घडी घालून ठेवून दिला. मी शाळेत मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला मात्र घरी हे कुणाशी बोलावं ते कळेना.

वर्षश्राद्धाला त्या आल्या. घरात तीन मोठी माणसं आणि सगळं बोलणं माझ्यामार्फत. "त्यांना म्हणावं जेवायला बसा." "तिला विचार चहा घेते काय." अशी दोन टोकांत मी. त्याच दिवसांत आमचा केबलवाला इक्बालभाई दाराशी आला. मागच्या इमारतीच्या गच्चीवर त्याची ती जाळीची मोठी छत्री होती. वाऱ्याने ती हलली होती आणि कुठल्याच घरात धड चित्र येत नव्हतं. "ताई, तुम्ही यातल्या म्हणतात. जरा बघा ना. सणासुदीचे दिवस, लोकं घरी येऊन शिव्या देतात मला." मला वाटलं, त्या नको म्हणतील. पण त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या. एवढ्या मोठ्या इंजिनीअरबाई गच्चीवर चढून पान्याने छत्रीचे बोल्ट सैल करतायत हे बघायला सगळी आळी जमली.

आता गच्चीवर चित्र दिसत नव्हतं. खाली कुणीतरी टीव्हीसमोर बसून ओरडून सांगायला हवं. आमचीच खिडकी गच्चीसमोर. मी भाकऱ्या थापत होते, हात पिठाचे. मोहन नुकतेच कामावरून आले होते. वरून शैलाताईंचा आवाज आला, "आलं काय?" मी मोहनकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघत होते. पुन्हा आवाज, "अरे, आलं काय?" मोहननी घसा खाकरला. खिडकीपाशी गेले.

"नाय. मुंग्याच हायत."

"आता?"

"थोरा आला... गेला. डावीकडं घे."

"तुझी डावी का माझी?"

"तुझी गो!"

आळीतली माणसं हसली. वरून शैलाताईही हसल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी छत्रीच्या मधोमध असलेला छोटा डबा धरून जरासा फिरवला. मला वाटतं, त्या वेळीही श्वास रोखला असणार. आणि मोहन खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ओरडले, "आला! आला, आला, हात नको लावू, बस कर!" सरकारी मराठी चॅनेलवर कुणी बाई बातम्या सांगत होती, चेहरा अगदी स्वच्छ. वर्षभरानंतर ही दोघं एकमेकांशी जे पहिलं बोलली ते हे. बाकी काही नाही.

त्या खाली आल्यावर हात धुवायला मोरीवर गेल्या. मी पाणी घातलं. अगदी हळू म्हणाल्या, "मी इक्बालला त्या चॅनेलच्या लहरीचा आकडा विचारला. सुमन, ते त्याच पेटीतून येतं." हातावरचं ग्रीस साबणाने निघत नव्हतं, त्या घासत राहिल्या. "मी गेले नसते तरी आलं असतं." हे त्या कुणाला सांगत होत्या, मला की स्वतःला, ते मला समजलं नाही. मी त्या रात्रीच जेवताना मोहनना सांगितलं. त्यांचा घास थांबला, मग ते पुन्हा जेवू लागले. पण तेव्हापासून घरी असतील त्या संध्याकाळी ते त्याच चॅनेलच्या बातम्या लावतात, दुसरीकडे कितीही चांगलं काही असलं तरी.

हळूहळू बोलणं सुरू झालं, पण वरवरचं. प्रकृती, पाऊस, पोरांचे मार्क. आप्पांचा विषय दोघंही टाळत. शैलाताई प्रत्येक फोनवर म्हणत, "मोहन, एकदा ये रे इकडे. मी काय करते ते बघून जा. आत सोडणार नाहीत, पण काचेतून दाखवीन." मोहन म्हणत, "येतो, येतो." कधी कंपनीत शटडाउन, कधी पोरांची परीक्षा. कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण तेही नव्हतं. काचेच्या पलीकडे ती खोली होती ना... जिथे आप्पांचा निरोप पोचला नव्हता. यंदा मात्र त्यांनी आपणहून दिवाळीचं ठरवलं होतं. शैलाताईंना कळवलंही होतं. त्या फोनवर लहान मुलीसारख्या बोलत होत्या, इथे काय खायला घालीन, कुठे नेईन. मला वाटतं, या वेळी दोघं बोलली असती. आता वाटण्याला काय अर्थ?

अंत्यविधीनंतर काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, त्यांचं क्वार्टर रिकामं करायला. दोन खोल्या. सामान फारसं नव्हतंच. पुस्तकं त्यांच्या ऑफिसच्या लोकांना दिली, भांडी कामवाल्या बाईला. मदतीला जिग्ना आली होती, जिने फोन केला होता ती. शैलाताईंच्या हाताखाली तयार झालेली, आता स्वतः फिल्टर करणारी. साड्या घडी करता करता ती आपल्या मोडक्या मराठीत आणि हिंदीत सांगत होती की मॅडम कशा रागवायच्या, कसा डबा वाटून खायच्या. मग सहज बोलून गेली, "आमच्याकडे मॅडमचा दिवस असतो."

मोहननी विचारलं, म्हणजे काय?

ती म्हणाली, "पेटी उपग्रहावर चढवायच्या आधी वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवतात. मॅडमनी भांडून घेतलाय तो. त्या दिवशी कुणीही म्हणू शकतं, मला शंका आहे, उघडून बघू. अगदी नवीन लागलेला मुलगासुद्धा. का, कशावरून, असं विचारायचं नाही. आणि ज्याची शंका तो हजर नसेल तर दुसऱ्याने उघडायची, त्याला बोलवायचं नाही."

"बोलवायचं का नाय?"

जिग्नाने घडी करणं थांबवलं. तिला बहुधा सगळं माहीत नसावं, थोडंसंच ऐकलेलं असावं. "मॅडम म्हणायच्या, घरी कुणी आजारी असेल, कुणाचं काही असेल... त्याला तिथून उठून यायला लागू नये."

मोहन खाटेवर बसले. मग विचारलं, "आनि उघडून काय सापडतं?"

"बहुतेक वेळा काहीच नाही, भाईसाब."

"तरी ठेवता?"

"ठेवतो ना."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली, आप्पा हलवायचे तशी. मग उठून खिडक्या लावल्या, गाठोडी उचलली. मी आणि जिग्ना सामान घेऊन पुढे गेलो, ते मागून दार ओढून, कुलूप लावून जिना उतरले. खाली रिक्षा उभी होती. सामान चढलं. किल्ली जिग्नाला द्यायची होती, ती त्यांनी खिशातून काढली, तिच्यापुढे धरली, आणि मग परत मुठीत घेतली. "थांबा जरा," म्हणाले आणि पुन्हा जिना चढू लागले. गुडघे दुखतात त्यांचे, कठड्याला धरून चढत होते. रिक्षावाला भोंगा वाजवू लागला, मी त्याला हाताने थांब म्हटलं. आम्ही दोघी वर बघत उभ्या राहिलो.

ते खाली आले. धाप लागली होती.

"काय राहिलं होतं?" मी विचारलं.

"काय नाय. कुलूप बघून आलो."

"मग?"

"लागलेलाच होता," ते म्हणाले, आणि किल्ली जिग्नाच्या हातावर ठेवली.